काँप्युटर इंजिनिअरिंगचं कर्ज किती काढायचं? हप्त्यापासून उलटं मोजा

परवा बार्शीहून मामाचा फोन आला. मामेभावाचा कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सरकारी प्रवेश फेरीचा, कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. "वर्षाला दीड लाख फी आहे गं, बँक सहा लाख द्यायला तयार आहे. घेऊ ना?" मी म्हटलं, मामा, बँक किती देते ते नंतर बघू. आधी पोराला हप्ता किती झेपेल ते बघू.

मी स्वतः यातून गेलेय. २०१२ ला मी काँप्युटरला प्रवेश घेतला. वडील एसटीत कंडक्टर. वर्षाला एक लाख असं चार वर्षांत चार लाख कर्ज उचललं. २०१६ च्या जुलैत पुण्यात नोकरी लागली आणि जानेवारी २०१७ मध्ये हप्ते सुरू झाले, तेव्हा पासबुकात ५,४४,००० चा आकडा होता. बाबा दोनदा चष्मा पुसून बघत होते. चूक बँकेची नव्हती. शिकत असताना १२ टक्क्यांनी सरळव्याज चढत होतं आणि ते शेवटी मुद्दलात मिळवलं गेलं, एवढंच. हातात पगार बावीस हजार आणि हप्ता साडेनऊ हजार, सात वर्षं.

म्हणून पहिलं काम हे. कागद घ्या आणि कर्ज किती होणार ते नाही, हप्ते सुरू होताना किती झालेलं असणार ते लिहा. मामेभावाचं उदाहरण घेऊ. दरवर्षी दीड लाख, व्याज १० टक्के, चार वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता न भरण्याच्या सवलतीचं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५ हजार, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३० हजार. सहा लाखांचे ८,१०,००० झाले. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण १०,७००. पंधरा वर्षं घेतली तर ८,७००, पण मग एकूण साडेपंधरा लाखांच्या वर भरावे लागतात.

आता पगाराची बाजू. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्या पोराला बऱ्याचदा साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज मिळतं. ३.६ लाख म्हणजे महिना तीस हजार असं धरू नका. त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, वर स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो. हातात पंचवीस हजारांच्या आसपास पडतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलं, मेस लावली, बस-मोबाइल धरला तरी दहा-अकरा हजार जातात. उरलेल्यातून १०,७०० चा हप्ता गेला की एक महिना दवाखाना निघाला तरी पोरगं उसने मागायला लागतं. मी मागितलेत.

माझा हिशेब असा: हप्ता हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचा नाही. पंचवीस हजारांचा तिसरा हिस्सा ८,३०० धरा. दहा वर्षांच्या मुदतीत एवढ्या हप्त्यात साधारण सव्वासहा लाख फिटतात आणि त्यातून हप्ते सुरू होण्याआधी चढलेलं व्याज वजा केलं की मूळ कर्ज साडेचार लाखांच्या जरा वर येतं. मामाला मी हाच आकडा दिला. दीड लाख कमी पडतात, ते कुठून येतील ते आधी शोधायचं.

पॅकेज कुठलं धरायचं? फ्लेक्सवरचं नाही. माझ्या कॉलेजने गेटवर एकाच मुलाचं पॅकेज लावलं होतं, आमचा अख्खा वर्ग त्याच आकड्याकडे बघून आला होता. कॉलेज एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेत असेल तर त्याच्या वेबसाइटवर त्या माहितीची पीडीएफ असते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि मिडियन सॅलरी किती, हे वर्षवार दिलेलं असतं. मिडियन म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार. तो धरा. पण तो नोकरी लागलेल्यांचाच असतो, शिवाय सगळ्या शाखांचा एकत्र. १२० पास आणि ७० लागले असतील तर उरलेल्या ५० घरांचा हप्ता कोण भरतंय, हा प्रश्न कॉलेजात जाऊन विचारा.

आणि दाखला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढाच, आजच काढा. साडेचार लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना शिकत असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं, ही योजना २००९ पासून आहे. आमचं उत्पन्न त्यात बसत होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, आणि १,४४,००० बाबांच्या नि माझ्या घामातून गेले. आता कॉलेज मानांकित, म्हणजे दर्जा तपासून मान्यता मिळालेलं, असावं लागतं, ते बघून घ्या. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेत ठरावीक संस्थांसाठी दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. त्याच मर्यादेत टीएफडब्ल्यूएसच्या जागा आहेत, ट्यूशन फी माफ. त्यांचा चॉइस कोड (फॉर्ममधला कॉलेज-शाखेचा नंबर) वेगळा असतो, तो फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो. मुलगी असेल तर २०२४-२५ पासूनची शंभर टक्के फी सवलत महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर बघा.

जमलं तर शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत जा. मामाला पहिल्या वर्षी १,२५० पडतील, चौथ्या वर्षी ५,०००. सवलतीच्या वर्षासकट पूर्ण भरलं तर हप्ता १०,७०० ऐवजी ७,९०० वर येतो.

मामाने रात्री पुन्हा फोन केला. दाखल्याचा अर्ज केला होता. फॉर्मवर सरकारी कॉलेज आणि टीएफडब्ल्यूएसचे कोड वर घेतले, दीड लाखवालं कॉलेज सातव्या नंबरला गेलं.