केळ्याच्या इमोजीने खाल्लेला नंबर

रावेरकडच्या केळी उत्पादकांसाठी मी एक छोटी साइट चालवतो. एका शेतकऱ्याने लिहिलं, ‘माल तयार’, पुढे केळ्याचा इमोजी, मग मोबाइल नंबर. डेटाबेसात उरलं फक्त ‘माल तयार’. संध्याकाळी फोन आला, “भाऊ, मन्हा नंबर कोठे गया?”

दोष मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जुन्या ‘यूटीएफ८’चा, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा (कॅरेक्टर सेट). ते एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरी अक्षर ३ बाइटांत बसतं, म्हणून मराठी छान दिसते आणि आपण गाफील राहतो. इमोजीला ४ लागतात. स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर तिथून पुढचा मजकूर छाटला जातो, तोही गुपचूप.

आधी बॅकअप घ्या, हे हसण्यावारी नेऊ नका. मग प्रत्येक टेबल ४ बाइटांपर्यंत जागा देणाऱ्या ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये कन्व्हर्ट करा. नुसता डेटाबेसचा डिफॉल्ट बदलून जुनी टेबलं बदलत नाहीत. मी तिथेच दोन तास घालवले. साइटचा कोड ज्या पीएचपी भाषेत आहे, तिच्या डेटाबेस कनेक्शनमध्येही तोच कॅरेक्टर सेट द्या. जुन्या सर्व्हरवर इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) मर्यादा ७६७ बाइट असते; आता एका अक्षराला ४ बाइट धरले जातात, त्यामुळे २५५ अक्षरांचा इंडेक्स अडतो. तो १९१ वर आणा.

छाटला गेलेला नंबर मात्र परत येत नाही. तो मी फोनवर विचारून टाकला.