व्हिक्टोरियन काळातले इंग्रजी शब्द कसे समजून घ्यायचे
1837 ते 1901 मधलं इंग्रजी वाचताना अडलात तर लगेच डिक्शनरी उघडू नका, आधी शब्द फोडून बघा. अँटिमकॅसर घ्या, तेव्हा पुरुष केसांना मकॅसर तेल चोपडायचे आणि खुर्चीच्या पाठीला डाग पडायचे, म्हणून तिथे जे कापड टाकायचे ते अँटिमकॅसर, मला हा शब्द भारी आवडतो, अख्खी बैठकीची खोली डोळ्यासमोर येते. कॉस्टरमंगर म्हणजे रस्त्यावरचा फळभाजीवाला, कॉस्टर्ड ही सफरचंदाची जात आणि मंगर म्हणजे विकणारा. मडलार्क मात्र नुसतं फोडून कळत नाही, म्हणजे लंडनच्या थेम्स नदीच्या चिखलातून कोळसा, दोर, लोखंड वेचून विकणारी गरीब माणसं, त्यात लहान पोरंसुद्धा. आणि ओळखीच्या शब्दांना फसू नका, 'मेक लव्ह' दिसलं तर तिथे बहुतेक नुसतं प्रेमाचं गोड बोलणं चाललेलं असतं.