बाजारच्या सामानात अमेरिकन पद्धतीचे एन्चिलाडा

एन्चिलाडा मूळचा मेक्सिकोचा. ‘एन्चिलार’ म्हणजे मिरची लावणं, त्यावरून हे नाव. तिकडे मक्याची टॉर्टिया (पातळ पोळी) तिखट सॉसमध्ये घोळवून गुंडाळतात. अमेरिकेत टेक्सासकडे त्यावर मैद्याने दाटवलेली लाल ग्रेव्ही आणि ढीगभर चीज आलं. हा तोच सोपा प्रकार. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या दुकानांत सामान शोधता येतं; सॉस तेवढा घरी करा.

आठ इंची चौकोनी भांड्यात आठ इंची टॉर्टियाचे बरोबर सहा रोल बसतात आणि ते भांडं लहान ओटीजीतही (विजेच्या घरगुती ओव्हनमध्ये) मावतं. तिघांना पुरे. टॉर्टिया मैद्याची घ्या. मक्याची भाकरी गुंडाळायला जाल तर तुकडे होतील. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, म्हणून ती टॉर्टिया लवते; आपलं पीठ तसं नसतं.

सगळी चव सॉसमध्ये आहे, आणि खान्देशी हात चुकतो तो इथेच. अमेरिकन पाककृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे आपलं तिखट नव्हे. ते सौम्य मिरची, जिरं, लसूण, ओरेगानो यांचं मिश्रण असतं. तिथे लिहिलेले दोन चमचे नंदुरबारच्या पथारीवरच्या झणझणीत मिरचीचे घातलेत तर शेवभाजीसुद्धा गोड लागेल. दीड मोठा चमचा काश्मिरी किंवा बेडगी मिरची पूड घ्या. घरचं तिखट हवंच असेल तर पाव छोटा चमचा, वरून.

३ मोठे चमचे तेलात ३ मोठे चमचे मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता. मिरची पूड, १ छोटा चमचा जिरेपूड, अर्धा-अर्धा छोटा चमचा लसूण पावडर आणि ओरेगानो घालून जेमतेम वीस सेकंद हलवा. त्यापुढे मिरची जळते, सॉस कडू होतो आणि मग साखर घालूनही सुधारत नाही. ४०० मिली पाणी थोडं-थोडं ओतत घोटा. एकदम ओतलं की गुठळ्या. १०० ग्रॅम टोमॅटो प्युरी आणि पाऊण छोटा चमचा मीठ घालून आठ मिनिटं उकळा. चमच्याच्या पाठीला सॉस चिकटून राहिला की गॅस बंद, मग १ छोटा चमचा व्हिनेगर. काळा मसाला नको, पदार्थच बदलतो.

सारणाला दीड वाटी शिजवलेला राजमा (डब्यातला असेल तर धुऊन) निथळून अर्धा ठेचा, म्हणजे रोलमधून निसटत नाही. एक कांदा, एक ढोबळी मिरची आणि अर्धी वाटी फ्रोझन मका मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतून त्यात मिसळा. हे पाणी राहिलं तर रोल खालून लगदा होतात.

चीज: २०० ग्रॅम मोझरेला, शिवाय चवीला दोन प्रोसेस्ड क्यूब किसून. नुसते क्यूब नीट पसरत नाहीत, आणि पनीर तर वितळतच नाही.

टॉर्टिया तव्यावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद गरम करा. फ्रिजमधली थंडगार गुंडाळली की चिरते. भांड्याच्या तळाला एक डाव सॉस. प्रत्येकीत तीन मोठे चमचे सारण, चिमूटभर चीज. गुंडाळून जोड खाली करून लावा. उरलेला सॉस कडांपर्यंत पसरा, कोरडी राहिलेली कड पापडासारखी कडक होते. वर राहिलेलं चीज.

१८० अंशांवर आधी तापवलेल्या ओटीजीत फॉइल झाकून १५ मिनिटं, मग उघडून ७ मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या झाकलेल्या पॅनमध्ये अगदी मंद आचेवर १२ मिनिटं. चीज वितळेल, तांबूस होणार नाही.

पाच मिनिटं थांबून मगच काढा, नाहीतर रोल उकलतात. सावर क्रीमऐवजी मीठ-लिंबू घोटलेला चक्का, वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर. आधी करून ठेवायचं असेल तर रोल आणि सॉस वेगळे ठेवा.