कंटकचर्मींचा जीवाश्म ओळखताना पाच हा आकडा शेवटी मोजावा

शाळेच्या पुस्तकात कंटकचर्मी संघाची ओळख पंचअरीय सममितीने करून दिलेली असते, आणि तारामासा किंवा सी-अर्चिन डोळ्यांसमोर असेल तर ती पटतेही. त्यामुळे हाती जीवाश्म आला की बहुतेक जण आधी पाच भाग मोजायला घेतात. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या कॅम्ब्रियन खडकांत ही सवय हमखास फसवते, कारण त्या काळी या संघात पाच भागांचे, तीन भागांचे, डावी-उजवी बाजू असलेले आणि धड कोणतीच सममिती नसलेले असे सगळ्या प्रकारचे प्राणी एकाच वेळी नांदत होते. म्हणून ओळखीची सुरुवात सांगाड्याच्या पट्टिकेपासून करावी.

कंटकचर्मींचा सांगाडा कातडीखाली असतो आणि तो कॅल्साइट या चुनखनिजाच्या सुट्या पट्टिकांचा बनलेला असतो. जिवंतपणी प्रत्येक पट्टिका स्पंजासारखी सच्छिद्र जाळी असते आणि तिच्या छिद्रांत मऊ ऊती भरलेल्या असतात. तरीही प्रकाशाच्या दृष्टीने ती अख्खी पट्टिका एकाच स्फटिकासारखी वागते. प्राणी गाडला गेल्यावर त्या छिद्रांत नवे कॅल्साइट जमते तेही मूळ स्फटिकाच्याच दिशेने, त्यामुळे पट्टिका भरीव होते आणि फुटताना सपाट, चकचकीत पृष्ठावर फुटते. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. क्रिनॉइडच्या, म्हणजे देठावर उभ्या राहणाऱ्या फुलासारख्या कंटकचर्मीच्या, देठाची फुटलेली चकती दिव्याखाली धरून बोटांत हळूहळू फिरवावी. एका ठराविक कोनात संपूर्ण फुटलेली बाजू आरशासारखी एकदम लखकते आणि किंचित हलवली की विझते. शिंपल्याचा तुकडा असा लखकत नाही, त्याच्यात थर किंवा तंतू दिसतात. दहापट भिंग जवळ असावेच. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यातून फक्त कॅल्साइट असल्याचे कळते आणि शिंपलाही तसाच फसफसतो. तरी टाकायचाच असेल, तर फेकून द्यायच्या कपच्यावर टाकावा. पातळ छेद करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय असेल तर प्रश्नच मिटतो, कारण मंच फिरवताना अख्खी पट्टिका एकाच वेळी काळी होते.

पुष्कळ कॅम्ब्रियन शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पातळ थरांच्या खडकात, मूळ कॅल्साइट विरघळून गेलेले असते आणि खडकात फक्त पोकळ ठसा उरतो. अशा ठशात काळे लॅटेक्स ओतून साचा काढावा, त्यावर अमोनियम क्लोराइडचा पांढरा पातळ थर चढवावा आणि प्रकाश एका बाजूने तिरपा टाकून पट्टिकांच्या कडा पाहाव्यात.

यानंतर पाहायचे ते पट्टिका जागच्या जागी आहेत की विखुरलेल्या. प्राणी मेल्यावर त्यांना जोडणाऱ्या ऊती काही दिवसांत कुजतात आणि सांगाडा सुटा होतो. त्यामुळे चुनखडकात सुट्या चकत्या ढिगाने मिळतात, आणि अखंड प्राणी मिळाला तर तो गाळाच्या लोंढ्याखाली अचानक गाडला गेला असे मानायला हरकत नाही. बाजारात मिळणाऱ्या अखंड नमुन्यांबाबत मी नेहमी संशयी असतो. वेगवेगळे तुकडे चिकटवून ‘पूर्ण’ केलेले नमुने सर्रास विकले जातात, तेव्हा सांध्यांवर भिंग फिरवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता अन्न गोळा करणाऱ्या खाचा शोधाव्यात. नलिकापादांच्या, म्हणजे पाण्याने भरलेल्या बारीक नळीसारख्या पायांच्या, ओळी या खाचांवरून जातात आणि खाचा तोंडापाशी मिळतात. कॅलिफोर्नियातील व्हाइट-इन्यो डोंगरांत मिळालेला आणि १९६३ साली वर्णन झालेला हेलिकोप्लॅकस हा सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी घ्या. त्याचे शरीर चातीसारखे, पट्टिका पिळाने गुंडाळलेल्या, आणि खाचेच्या शाखा तीन. उलट स्ट्रोमॅटोसिस्टाइट्स हा एड्रिओअॅस्टेरॉइड गटातला कॅम्ब्रियन प्राणी पाच खाचांचा आहे. मात्र अशा प्राण्यांच्या तोंडाशी नीट पाहिले तर पाचही खाचा एका बिंदूतून निघत नाहीत. एक खाच एकटी निघते आणि दोन्ही बाजूंची एकेक खाच पुढे दुभंगते. दोन-एक-दोन अशी ही मांडणी पाहिली की पाच हा आकडा तिनातून कसा आला असावा याचा अंदाज येतो, आणि नुसते मोजण्यापेक्षा खाचा कुठे फुटतात ते रेखाटणे का महत्त्वाचे हेही कळते.

पट्टिका आधी आणि आकडा नंतर या क्रमाची खरी कसोटी दोन उदाहरणांत लागते. ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स पर्वतरांगेतील एडियाकारन, म्हणजे कॅम्ब्रियनच्याही आधीच्या, खडकांतून १९८७ साली वर्णन झालेला अर्करुआ हा चिमुकला, चकतीसारखा ठसा आहे आणि त्यावर पाच उंचवटे स्पष्ट दिसतात. पण त्यात पट्टिकांचा मागमूस नाही. केवळ पाच या आकड्यावर त्याला कंटकचर्मींत बसवणे मला पटत नाही. उलट बाजूला स्टायलोफोरा हा गट आहे. पट्टिकांचे चपटे, बेढब शरीर आणि त्याला एकच शेपटीसारखा अवयव, पाचाचा कुठे पत्ताच नाही. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील रिचर्ड जेफरीज यांनी १९६०च्या दशकापासून असे मांडले की तो अवयव शेपटी आहे आणि हे प्राणी समपृष्ठरज्जू प्राण्यांचे (ज्यांत पाठकणा असलेले सगळे प्राणी येतात), म्हणजे पर्यायाने आपलेही, पूर्वज आहेत. वाद अनेक दशके चालला. मोरोक्कोतील फेझुआटा शेलमध्ये मऊ भागांसह टिकलेले नमुने मिळाले आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या ‘शेपटी’त नलिकापादांना पाणी पुरवणारी जलसंवहनी नलिका आणि नलिकापाद दाखवण्यात आले. म्हणजे तो अन्न गोळा करणारा हात होता, आणि पट्टिका पहिल्यापासून सांगत होती तेच खरे ठरले.

वंशवृक्षावर जागा ठरवताना खडकाचे वय आणि फांदीचा क्रम यांची गल्लत करू नये. कंटकचर्मींचे सर्वांत जवळचे नातेवाईक, म्हणजे कृमींसारखे दिसणारे समुद्री अर्धसमपृष्ठरज्जू प्राणी, द्विपार्श्व सममितीचे आहेत आणि आजच्या तारामाशाची अळीही तशीच असते; त्यामुळे डावी-उजवी बाजू असलेले कंटकचर्मी वृक्षाच्या बुंध्याजवळ बसवले जातात. स्पेनमधून २०१२ साली वर्णन झालेला टेनोइम्ब्रिकाटा त्यांपैकीच एक. पण तो मध्य कॅम्ब्रियनचा, म्हणजे पीळदार हेलिकोप्लॅकसपेक्षा वयाने लहान आहे. जुनी शरीररचना तरुण खडकात सापडू शकते, आणि सुरुवातीच्या खडकांतली नोंद तुटक असल्याने असे होणे साहजिकच आहे.

महाराष्ट्रात सरावासाठी दख्खनच्या काळ्या पाषाणात शोधत बसू नये, तो लाव्हाचा खडक आहे. जवळचे ठिकाण म्हणजे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील बाघचे क्रेटेशियस चुनखडक. तिथे हेमिअॅस्टरसारखे हृदयाकृती सी-अर्चिन मिळतात. वयाने ते कॅम्ब्रियनच्या मानाने फारच अलीकडचे, पण पट्टिका, खाचा आणि सममिती या तिन्ही गोष्टी त्यांच्यावर शिकता येतात, कारण त्यांच्यात पाच पाकळ्यांवर पुन्हा पुढची-मागची बाजू आलेली दिसते. संरक्षित क्षेत्रातून तुकडाही उचलू नये. तिथे मोजपट्टी शेजारी ठेवून वरून, खालून आणि बाजूने असे तीन फोटो घ्यावेत.

नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, थराचे नाव, पट्टिका लखकली की नाही, आणि खाचांचे रेखाटन एवढे आधी लिहावे. सममितीचा रकाना त्यानंतर भरावा, आणि गटाचे नाव शेवटी, तेही पेन्सिलीने.