स्टुडिओ मॉनिटर लावताना या चुका टाळा: खोलीत नीटस वाटणारा मिक्स बाहेर का घुमतो?

घरातील छोट्या स्टुडिओत मिक्स केलेले गाणे त्या खोलीत नीटस वाटते, डग्गा आणि बेस गिटार जिथल्या तिथे असतात. पण तेच गाणे मित्राच्या गाडीत किंवा उत्सवाच्या मांडवातील ध्वनिक्षेपकावर लावले की डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर चढतो. अशा वेळी बहुतेक जण मॉनिटरला, म्हणजे मिक्स ऐकण्याच्या स्पीकरला, दोष देतात आणि अधिक महाग जोडीची चौकशी सुरू करतात. भजने, भावगीते आणि नाटकांचे संगीत मिक्स करता करता माझे मत असे झाले आहे की, योग्य जागी ठेवलेला पाच इंची वूफरचा (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा) साधा मॉनिटर चुकीच्या जागी ठेवलेल्या आठ इंची मॉनिटरपेक्षा जास्त खरे सांगतो. बहुतेकांची चूक क्रमात होते. आधी खोलीमुळे बिघडलेल्या आवाजाच्या दुरुस्तीचे सॉफ्टवेअर घेतले जाते, मग मॉनिटरच्या मागचे स्विच फिरवले जातात, आणि टेबल-खुर्ची हलवून पाहण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. हा क्रम उलटा करावा, म्हणून येथेही सुरुवात खुर्चीपासूनच केली आहे.

खुर्ची खोलीच्या मधोमध येणे

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खालच्या स्वरांच्या स्थिर लहरी तयार होतात, आणि त्यांतील पहिली लहर कोणत्या वारंवारितेची असेल हे साध्या भागाकाराने काढता येते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरावा आणि त्याला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. दहा फुटांसाठी उत्तर ५७ हर्ट्झच्या आसपास येते, बारा फुटांसाठी ४७ हर्ट्झ. या पहिल्या लहरीचा दाब भिंतीजवळ सर्वाधिक असतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ शून्य होतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बिछाना आणि कपाट यांमुळे टेबल लांब भिंतीला लावावे लागले, त्यामुळे समोरची आणि पाठीमागची भिंत यांत जेमतेम सव्वाआठ फूट उरले, आणि खुर्ची नकळत या अंतराच्या मध्यावर आली. सव्वाआठ फुटांची पहिली लहर ६९ हर्ट्झच्या जवळ येते. गाणे काळी एकमध्ये असेल, तर बेस गिटारचा खालचा षड्ज नेमका ६९ हर्ट्झचा असतो. म्हणजे ज्या स्वरावर गाण्याची बैठक आहे, तोच स्वर मिक्स करणाऱ्याच्या कानाला पुरेसा पोहोचत नाही. तो प्रामाणिकपणे बेस तीन-चार डेसिबलने वाढवतो, आणि ती वाढ खोलीबाहेरच्या प्रत्येक श्रोत्याला ऐकावी लागते. अशा खोलीत वाजवणाऱ्याच्या हाताला दोष देण्याआधी खुर्ची एक फूट पुढे घेऊन तोच स्वर पुन्हा ऐकावा.

शक्य असेल तर खोलीच्या लांबीच्या दिशेला तोंड करून बसावे आणि कान समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर येतील अशी सुरुवात करावी. हा आकडा केवळ आरंभबिंदू आहे. तेथून पुढे-मागे सहा-सहा इंच सरकत, एकसारख्या जोराने वाजलेल्या बेसच्या चढत्या सुरावटीत कोणता स्वर फुगतो आणि कोणता बुडतो हे ऐकत जावे, आणि जेथे फरक सर्वांत कमी जाणवेल तेथे थांबावे. पाठीमागच्या भिंतीला डोके टेकेल असे मात्र कधीही बसू नये, कारण तेथे सगळाच खर्ज फुगतो. रुंदीच्या दिशेने मात्र मध्यावरच बसणे योग्य, कारण डावी आणि उजवी भिंत सारख्या अंतरावर नसेल तर स्टिरिओचे चित्र एका बाजूला झुकते.

भिंतीपासून अर्धवट अंतर

‘मॉनिटर भिंतीपासून दूर ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण छोट्या खोलीत तो अर्धवट पाळला तर उलट नुकसान होते. खालचे स्वर मॉनिटरच्या मागेही पसरतात, समोरच्या भिंतीवर आपटून परततात, आणि मूळ ध्वनीशी उलट्या कलेत (एकाचा चढ तेथे दुसऱ्याचा उतार) भेटले की त्याला खोडून काढतात. मॉनिटरच्या दर्शनी बाजूपासून भिंतीपर्यंतचे अंतर तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते, त्या वारंवारितेवर हा खड्डा पडतो. अंतर तीन फूट असेल तर तो ९४ हर्ट्झच्या सुमारास येतो आणि चार फूट असेल तर ७१ हर्ट्झच्या. डग्ग्याचा मुख्य जोर याच पट्ट्यात असतो, म्हणून तबल्याची साथ असलेल्या गाण्यांना हे तीन-चार फुटांचे अंतर विशेष घातक ठरते.

दहा-बारा फुटांच्या खोलीत मॉनिटर सात-आठ फूट पुढे आणणे अशक्य आहे, म्हणून तो भिंतीच्या जवळच ठेवावा. मागे हवेचे छिद्र असेल तर चार ते सहा इंचांची मोकळीक पुरते. जवळ ठेवल्याने खड्डा वरच्या पट्ट्यात सरकतो, आणि तेथे तो मागे लावलेल्या जाड शोषक पॅनेलने बराच आटोक्यात येतो. खर्ज एकूण वाढतो हे खरे. पण सगळा खर्ज सारखा वाढलेला असेल तर तो कमी करता येतो, आणि खोडला गेलेला स्वर परत आणता येत नाही. कोपरा मात्र टाळावाच. एक मॉनिटर कोपऱ्यात आणि दुसरा दाराजवळ मोकळ्यावर, अशी मांडणी आपल्या फ्लॅटमध्ये वारंवार दिसते, आणि तिच्यामुळे दोन्ही बाजूंचा खर्ज कधीच जुळत नाही.

त्रिकोण आणि उंची यांविषयी थोडक्यात सांगता येईल. दोन मॉनिटर आणि श्रोत्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा भाग) कानाच्या उंचीवर यावा. टेबलाच्या पृष्ठभागावरून परतणारा ध्वनी आवाजाला पोकळ करतो, म्हणून मॉनिटर टेबलावर न ठेवता टेबलामागे वेगळ्या स्टँडवर ठेवणे श्रेयस्कर. उभ्या मांडणीसाठी घडवलेला मॉनिटर जागा नाही म्हणून आडवा निजवू नये. डोके थोडे हलले तरी वूफर आणि ट्वीटर यांचा मेळ बिघडतो.

भिंतभर फोम आणि अंड्यांचे ट्रे

या चुकीबद्दल मला सर्वाधिक वाईट वाटते, कारण नवीन मंडळींची पहिली बचत तिच्यात जाते. एक-दोन इंच जाडीचा फोम ५०० हर्ट्झच्या खाली फारसे काही शोषत नाही, आणि अंड्यांचे ट्रे तर त्याहूनही कमी उपयोगाचे असून त्यांना आग पटकन लागते. सर्व भिंती अशा फोमने झाकल्या की वरचे स्वर मरतात आणि खर्ज पूर्वीइतकाच घुमत राहतो. खोली मंद वाटते, म्हणून मिक्स करणारा वरची पट्टी उजळत नेतो, आणि मग बाहेर ऐकताना गायिकेचे ‘श’ आणि ‘स’ टोचू लागतात, झांज कानात घुसते.

त्याच पैशांत थोडे पण जाड पॅनेल करावेत. दोन बाय चार फुटांची लाकडी चौकट, आत घनमीटरला ४८ किलो घनतेचे चार इंच जाड रॉकवूल, वरून हवा आरपार जाईल असे सुती कापड, आणि भिंतीपासून दोन ते चार इंच अंतर. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे वापरावेत. पहिले दोन पॅनेल बाजूच्या भिंतींवर पहिले परावर्तन होते तेथे लावावेत. आपण खुर्चीत बसून दुसऱ्या कोणाला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे, आणि आरशात ट्वीटर दिसेल ती जागा खुणेने नोंदवावी. त्यानंतर कोपरे, मग पाठीमागची भिंत. पाठीमागे कापसाची गादी असलेला पलंग किंवा पुस्तकांनी भरलेली मांडणी असेल तर ती खोलीबाहेर काढू नये, कारण ती आपल्या परीने उपयोगी पडत असते.

मागचे स्विच आणि आवाजाची पातळी

जागा ठरल्यावरच मॉनिटरच्या पाठीकडे वळावे. यामाहा एचएस ५ चे उदाहरण घेतले, तर त्यावर ‘रूम कंट्रोल’ हा स्विच ५०० हर्ट्झच्या खालचा भाग २ किंवा ४ डेसिबलने उतरवतो, आणि ‘हाय ट्रिम’ वरचा भाग २ डेसिबलने कमी-जास्त करतो. भिंतीजवळच्या मांडणीत पहिला स्विच उणे २ वर ठेवून सुरुवात करावी. दुसरा शून्यावरच असू द्यावा. आवाज ‘गोड’ व्हावा म्हणून वरची पट्टी वाढवणे म्हणजे मोजपट्टीच ओढून लांब करणे होय.

पातळीकडे मात्र फारच थोडे लोक लक्ष देतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. त्यामुळे रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात केलेल्या मिक्समध्ये खर्ज जास्त पडतो, आणि दुपारी मोठ्या आवाजात केलेल्या मिक्समध्ये तो कमी पडतो. उपाय एकच: एक ठरलेली पातळी. पंखा बंद करावा, डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खालचा पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) एका वेळी एकाच मॉनिटरमधून सोडावा, आणि बसण्याच्या जागी ध्वनिपातळी मोजणाऱ्या ॲपवर ‘सी’ भार (सी-वेटिंग) व संथ प्रतिसाद (स्लो) निवडून तो मोजावा. १,५०० घनफुटांपेक्षा लहान खोलीसाठी अमेरिकी दूरचित्रवाणीच्या मानकात ७६ डेसिबल ही पातळी सुचवली आहे. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली ११४० घनफुटांची भरते. फोनवरील ॲपचा आकडा थोडा चुकला तरी चालेल, पण दोन्ही मॉनिटरचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. इंटरफेसच्या (संगणकाचा आवाज मॉनिटरकडे नेणाऱ्या पेटीच्या) नॉबवर त्या जागी खूण करावी आणि मिक्सचे मुख्य निर्णय तेथेच घ्यावेत.

आवाज पातळ येणे, गुणगुण, आणि इतर तक्रारी

एकाच आवाजाचे मोनो ध्वनिमुद्रण लावल्यावर गायक दोन मॉनिटरच्या मध्ये स्पष्ट उभा राहत नसेल, आवाज डोक्याभोवती पसरलेला वाटत असेल आणि खर्ज नाहीसा झाला असेल, तर एका केबलमधील धन आणि ऋण तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वायर आणि जॅक आणून घरी सोल्डर केलेल्या केबलमध्ये हे सहज घडते. एका बाजूला खात्रीची दुसरी केबल लावून पाहावी. गायक मध्ये उभा राहिला आणि खर्ज परतला तर निदान पक्के झाले.

सतत ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर प्रथम मॉनिटरमधून सिग्नलची केबल काढावी. गुणगुण थांबली तर तिचा उगम आधीच्या जोडणीत आहे. मग लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा, सर्व उपकरणे एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर आणावीत, आणि साध्या केबलऐवजी टीआरएस किंवा एक्सएलआर जोडणीची बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण खोडणारी) केबल वापरावी. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये. त्यामुळे गुणगुण जाईलही, पण ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. केवळ फुसफुस येत असेल तर मॉनिटरचा नॉब पूर्ण चढवून इंटरफेसचा आवाज तळाशी ठेवलेला असतो. दोन्ही मध्यावर आणावेत.

मोजणी आणि दुरुस्तीचे सॉफ्टवेअर आता घ्यावे, त्याआधी नव्हे. रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यासोबत मापनाचा मायक्रोफोन आणि त्याची स्वतंत्र दुरुस्ती-फाइल (त्या मायक्रोफोनची स्वतःची चूक वजा करणारी) वापरावी. आलेल्या आलेखातील उंचवटे उतरवावेत, तेही मुख्यतः ३०० हर्ट्झच्या खालचे. खड्डे भरायला जाऊ नये, कारण जो स्वर परावर्तनाने खोडला जात आहे तो जितका वाढवावा तितकेच परावर्तनही वाढते, आणि वूफरवर मात्र विनाकारण ताण येतो. दुरुस्तीचे प्लगइन मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या वाहिनीवर) सुरू ठेवूनच अंतिम फाइल काढण्याची चूक मी स्वतः केली आहे, आणि ते गाणे पुन्हा पाठवावे लागले होते. म्हणून शक्य असेल तेथे ही दुरुस्ती प्रकल्पाबाहेर, मॉनिटरकडे जाणाऱ्या वाटेवरच लावावी.

सगळे जुळल्यावर स्टँडच्या पायांभोवती आणि खुर्चीच्या जागेवर रंगीत चिकटपट्टीने खुणा कराव्यात. साफसफाईत स्टँड सरकतात, आणि चार इंचांचा फरक डोळ्यांना दिसत नाही.