मुंबई बेटाचा जुना नकाशा वाचताना या चुका टाळा

कॅप्टन थॉमस डिकिन्सन यांनी १८१२ ते १८१६ या काळात मोजलेल्या मुंबई बेटाचा नकाशा हाती आला की आपण आधी आपली गल्ली शोधतो. तसं करू नका. आधी जमीन बघा: डोंगर कुठे, भातखाचरं कुठे, नारळीच्या वाड्या कुठे.

सालात हमखास गफलत होते. छापील प्रतीवर १८४३ दिसतं, पण ते दुरुस्तीचं साल. १८३८चा कुलाब्याचा कॉजवे अशा प्रतीवर दिसला, म्हणून शेजारची शेतंही त्याच वर्षीची धरू नका.

सगळ्यात महागात पडते ती नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवतानाची चूक. मी पहिल्यांदा बॅकबेचा जुना किनारा मरीन ड्राइव्हला जुळवला, आणि टाउन हॉल भलतीकडेच सरकला. भराव घातल्यामुळे किनारा तर केव्हाच पुढे गेला आहे! न हललेल्या खुणा घ्या: बाणगंगा तलाव, सेंट थॉमस कॅथेड्रल, शिवचा (सायनचा) किल्ला. ग्लोरिया चर्च मात्र नको. ते माझगावला होतं, १९१३ साली भायखळ्याला नव्याने उभं राहिलं. जुना कागद घड्यांपाशी ताणला जातो, म्हणून दहा-बारा खुणा चारही कोपऱ्यांत विखुरलेल्या हव्यात. एखादी खूण फारच चुकत असेल, तर ती खूण तपासा. उगाच अख्खा नकाशा ओढू नका.

मलबार हिलच्या अंगावरच्या बारीक रेघांना समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) समजून त्या मोजत बसू नका. त्या उताराची दिशा दाखवतात. जितक्या दाट, तितका चढ उभा. उंचीचा आकडा त्यांतून निघत नाही. हलक्या स्कॅनमध्ये त्यांचा काळा डाग होतो आणि तिथे जंगल असल्यासारखं वाटतं. ६०० डीपीआयची प्रत मिळवा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या कागदांत ‘बॅटी ग्राउंड’ आलं की बुचकळ्यात पडू नका, हे आपलं भातच. ‘सॉल्ट बॅटी’ म्हणजे खारं भात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीतलं. ‘ओआर्ट’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. अर्थ नारळीची वाडी. गिरगावातल्या वाड्यांची नावं ऐकत वाढलेल्याला हे वाचताना भरून येतं, निदान मला तरी.

रंग उडालेल्या प्रतीत भात आणि वाडी वेगळी कळेना, तर रंग सोडा. भिंग लावा. बांधांच्या रेघांनी चौकटी पडल्या असतील तर सहसा खाचरं, झाडांच्या खुणा असतील तर वाडी.