बेंगळुरूत सॉफ्टवेअर सेल्सची पहिली नोकरी: आधी भाड्याचा हिशेब, मग मॉक कॉल

नांदेड, सांगली किंवा अकोल्याहून बेंगळुरूला येऊन सॉफ्टवेअर कंपनीत सेल्सला लागायचं तर इंजिनिअरिंगची पदवी लागतेच असं नाही. विमा, मोबाइलचं दुकान, क्रेडिट कार्ड अशा ठिकाणी टार्गेट घेऊन काम केलेलं असलं तरी दार उघडतं. गाडी अडते ती पैशापाशी. मुलाखती रंगात येईपर्यंत शिल्लक संपते आणि समोर येईल ती ऑफर घ्यावी लागते.

म्हणून आल्याआल्या फ्लॅट घेऊ नका. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटवर भागतं, इथे मालक पाच-सहा महिन्यांचं मागतात, जुन्या वळणाचे दहाचंही. २० हजार भाड्याच्या घराला सहा महिन्यांच्या हिशेबाने १ लाख २० हजार अडकतात, आणि सोडताना ‘पेंटिंग’च्या नावाखाली बहुधा एक महिन्याचं भाडं कापलं जातं. नोकरी ठरेपर्यंत पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची खोली बरी. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: सोडायची नोटीस किती दिवसांची, डिपॉझिटमधून काय कापणार आणि रात्री गेट किती वाजता बंद होतं. तिसरा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही, कारण या धंद्यात शिफ्ट गिऱ्हाइकाच्या घड्याळावर चालते. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. लंडनचे ९ म्हणजे दुपारचे दीड किंवा अडीच. जागा मेट्रोजवळ बघा. पर्पल लाइन व्हाइटफिल्डपर्यंत जाते आणि ऑगस्ट २०२५ पासून यलो लाइन सिल्क बोर्डवरून इलेक्ट्रॉनिक सिटी गाठते.

नवख्याला मिळणारी जागा एसडीआर (सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह) किंवा बीडीआर (बिझनेस डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह) नावाने निघते. गिऱ्हाईक शोधायचं, फोन-मेल-लिंक्डइनवर गाठायचं आणि मीटिंग लावून द्यायची. सौदा अकाउंट एक्झिक्युटिव्ह करतो. नाव बघून मात्र फसू नका. ‘बिझनेस डेव्हलपमेंट असोसिएट’ म्हणून घेऊन पालकांना कोर्स विकायला बसवणाऱ्या जागाही याच यादीत असतात. पहिल्याच फोनवर विचारा, ‘मी विकणार कोणाला, कंपनीला की घरगुती ग्राहकाला?’ लॅपटॉप किंवा ट्रेनिंगसाठी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर तिथेच फोन ठेवा.

नोकरीच्या साइटवर दोनशे ठिकाणी बटण दाबण्यापेक्षा पंचवीस कंपन्या निवडा. एचआरऐवजी तिथल्या एसडीआर मॅनेजरला लिंक्डइनवर चार ओळी लिहा: तुमचं सॉफ्टवेअर कोण वापरतं असं मला वाटतं, तशा या तीन कंपन्या मी शोधल्या, त्यांना पहिला मेल मी असा लिहीन. हबस्पॉटचं सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. या पंचवीस कंपन्या त्यातच भरा, कोणाला कधी लिहिलं आणि पुन्हा कधी विचारायचं यासकट. मुलाखतीत ती स्क्रीन दाखवता येते. हबस्पॉट अकॅडमी किंवा सेल्सफोर्सच्या ट्रेलहेडवरचा एखादा मोफत कोर्स पुरे, पैसे भरून बूटकॅम्प करायची गरज नाही. बायोडेटात ‘उत्तम संवादकौशल्य’ खोडा आणि टार्गेट किती होतं, केलं किती, ते आकड्यात लिहा.

खरी परीक्षा मॉक कॉलची, म्हणजे मुलाखतीत करायला लावतात त्या लुटुपुटूच्या सेल्स कॉलची. समजा, समोरचा सांगलीचा औषध वितरक झालाय आणि तुम्ही साठ्याचं सॉफ्टवेअर विकताय.

‘नमस्कार साहेब, पहिल्यांदाच फोन करतोय, अर्धा मिनिट बोलू का? औषधांचं होलसेल आहे म्हणून विचारतो, एक्स्पायरीचा माल कंपनीला परत पाठवायची मुदत कधी हुकते का?’
‘आमचं एक्सेलवर चाललंय.’
‘एक्सेल भरतं कोण? तो माणूस रजेवर गेला की?’
‘बरं, मेल टाका.’
‘टाकतो. त्यात एक्स्पायरीचं लिहू की उधारी वसुलीचं? आणि गुरुवारी अकराला पाच मिनिटं फोन केला तर चालेल?’

यानंतर गप्प बसा. बहुतेक जण ‘मेल टाका’ ऐकून धन्यवाद म्हणतात, नाहीतर घाबरून सॉफ्टवेअरची सगळी वैशिष्ट्यं वाचून दाखवतात. मुलाखत घेणारा बऱ्याचदा चूक सांगून तोच कॉल पुन्हा करायला लावतो. पहिल्यांदा अडखळलात तरी चालतं. दुसऱ्यांदा तीच चूक झाली तर नाही. घरी सराव करताना आवाज रेकॉर्ड करून ऐका: वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडतो का, समोरच्याला मधेच तोडता का. इंग्रजी साधं चालतं, पण वेग आवरा. महाराष्ट्रातल्या छोट्या उद्योगांना विकणाऱ्या कंपनीत मराठी ही तुमची जमेची बाजू आहे, ती बायोडेटात वर लिहा.

ऑफर आली की सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, बघून हुरळू नका. ६ लाखांत पक्का पगार आणि इन्सेंटिव्ह अशी ७०:३० वाटणी असेल तर पक्के ४ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ३५ हजार. कंपनीचा पीएफ त्यातच धरला असेल तर तुमचे आणि कंपनीचे मिळून किमान मर्यादेत ३,६०० जातात, वर कर्नाटकचा व्यवसाय कर साधारण २००. हातात ३१,२०० उरतात, ग्रॅच्युइटीही त्यातच मोजली असेल तर आणखी कमी. भाडं याच आकड्यातून भागलं पाहिजे. इन्सेंटिव्हचे पैसे सुरुवातीचे काही महिने धरायचेच नाहीत.

सही करण्याआधी हे लेखी मागा: पूर्ण टार्गेट कितव्या महिन्यापासून, तोपर्यंत इन्सेंटिव्ह ठरलेला की शून्य, तो महिन्याला मिळतो की तिमाहीला, आणि मीटिंग कधी मोजतात. तारीख ठरली तेव्हा की गिऱ्हाईक खरोखर हजर झालं तेव्हा? दुसरा नियम असेल तर टार्गेट १२ मीटिंगचं असताना १६ ठरवाव्या लागतात, आणि आदल्या दिवशीचा आठवणीचा फोन तुमच्याच गळ्यात येतो.